फूल मोजून जात ठरते का? डभोईकडच्या तळ्यातली पिवळी युट्रिक्युलॅरिया

मुक्ता_बडोदा

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तळ्यावर पक्षी बघायला जाणं हा आमच्या घरचा जुना नेम. यंदा थंडीपर्यंत धीर धरवला नाही, पाऊस ओसरल्या ओसरल्याच डभोईच्या रस्त्याला लागलो. वाटेत एका गावच्या तळावडीत पाण्यावर पिवळ्या फुलांचा सडा दिसला म्हणून गाडी थांबवली. काठावर म्हशी धूत असलेले काका म्हणाले, "बेन, ए तो लील छे." शेवाळ नव्हतंच ते, पाण्यातले बारीक जीव पिशव्यांत पकडून खाणारी युट्रिक्युलॅरिया होती. पाण्याखाली केसांसारखी बारीक पानं, त्यांवर मोहरीहून लहान असंख्य पिशव्या, आणि फुलाच्या दांड्याला मधोमध पाच-सहा हिरव्या फुग्यांचं कडं. तेवढ्या फुग्यांवर दांडा पाण्यात ताठ उभा!

एक काडी वाटीभर पाण्यात ठेवून घरी आणली. लेन्सखाली पाहिलं तर तीन पिशव्यांत काळे ठिपके होते आणि एका पिशवीत पाण्यातला पिसू अजून वळवळत होता. मुलगी तासभर वाटीपाशी बसून होती.

माझा प्रश्न पुढे आहे. तळावडीतल्या फुलांची रुंदी साध्या पट्टीने 9-10 मिलिमीटर आली. तिथून फर्लांगभर पुढे भाताच्या खाचरालगत एक चर आहे, त्यातही हीच पिवळी फुलं, फुगेही तसेच. पण ती 6-7 मिलिमीटरचीच, आणि मागची शेपटी आखूड वाटली. या दोन जाती समजायच्या की एकच? जवळच्या जाती फुलं मोजूनच वेगळ्या करतात असं वाचलंय. मोजायचं म्हणजे नक्की काय आणि किती?

---

चिंचोका

फोटो सुरेख. फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपला दाखवलंत का?

---

मुक्ता_बडोदा

दाखवलं. पहिल्या फोटोला एक नाव, त्याच फुलाच्या दुसऱ्या बाजूच्या फोटोला दुसरं. युट्रिक्युलॅरिया हे मात्र दोन्ही वेळा बरोबर आलं.

---

कासकर

मुक्ताताई, वंश बरोबर आहे. या वंशात जगभर दोनशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसतात. आमच्या कासच्या पठारावरची सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलॅरिया परप्युरासेन्स, याच वंशातली. ती ओल्या मातीत वाढते, तुमची पाण्यात तरंगते.

आकाराबद्दल माझा अनुभव सांगतो. कासला खडकावर दोन बोटं माती असते तिथे परप्युरासेन्सचा दांडा वीतभरसुद्धा होत नाही आणि फुलं चिमुकली. दहा पावलांवर खोलगट जागा असेल, पाणी साचत असेल, तर तीच वनस्पती दुप्पट उंच आणि फुलं ठसठशीत. पहिल्या वर्षी मीही वहीत "लहान" आणि "मोठी" अशा दोन जाती लिहिल्या होत्या. तिसऱ्या वर्षी दोन्हींच्या मधली सगळी मापं सापडली आणि वहीतली ती पानं रद्द केली.

याउलट याच वंशातली रेटिक्युलाटा बघा. तिचं फूलही निळं-जांभळं, पण दांडा शेजारच्या गवताला वेढे घालत चढतो. परप्युरासेन्सचा दांडा सरळ उभा. तिथे पट्टीची गरजच पडत नाही. अर्कुएटाची शेपटी लांब आणि धनुष्यासारखी वाकलेली, नावच त्यावरून पडलं. तिथे मोजायची ती शेपटी, आणि तीही खालच्या ओठाच्या तुलनेत. फूल लहान असो की मोठं, हा हिशेब सहसा टिकतो. म्हणून नुसतं "फूल 7 मिलिमीटर" लिहू नका. कुठून कुठपर्यंत मोजलं ते लिहा.

---

नाना_रावपुरा

मुक्ता, तुझा धागा पाहून पन्नास वर्षं मागे गेलो. आम्ही सयाजीराव विद्यापीठात शिकत होतो तेव्हा सर आम्हाला पावसाळ्यानंतर तळ्यांवर न्यायचे. मी पहिल्यांदा ही वनस्पती गोळा केली ती ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि वर्तमानपत्रात दाबली. आठ दिवसांनी उघडली तर पानांचा एक तपकिरी डाग आणि फूल कागदाला चिकटलेलं. शेपटी कुठली, ओठ कुठला, काही कळेना. सरांनी रागावण्याऐवजी पत्र्याचा ट्रे मागवला. ट्रेमध्ये पाणी भरायचं, वनस्पती त्यात मोकळी सोडायची, पानं आपोआप पसरतात. मग खालून जाड कागद सरकवून हळूच तिरका उचलायचा. पाणी निथळतं आणि वनस्पती जशी पाण्यात होती तशीच कागदावर बसते. वर बटर पेपर ठेवायचा, नाहीतर चिकटते. आणि दोन-चार फुलं वेगळ्या बाटलीत स्पिरिटमध्ये. ही बाटली फार महत्त्वाची. वाळलेलं फूल आक्रसतं, त्याचं माप ताज्या फुलाच्या मापाशी जुळत नाही. काहीजण ताज्याचं आणि वाळलेल्याचं माप एकाच रकान्यात लिहितात आणि मग म्हणतात दोन जाती सापडल्या.

माप घेताना ओठ वळलेला असतो हेही लक्षात ठेव. ही फुलं पावटा-मटारच्या फुलासारखी घडीची. वरचा ओठ लहान, खालचा मोठा, मध्ये फुगीर टाळू आणि खालच्या बाजूला शेपटी. नुसतं समोरून पट्टी लावलीस तर खालच्या ओठाची खरी रुंदी मिळत नाही, तो कडेने खाली झुकलेला असतो. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये फूल हलकेच दाबून सपाट कर आणि मग मोज.

---

मुक्ता_बडोदा

नाना, मी अगदी समोरूनच पट्टी लावली होती. आणि चरातली फुलं दुपारी दोनला मोजली, तळावडीतली सकाळी.

---

गणिती

ते सकाळ-दुपारचं फार महत्त्वाचं आहे. मी वनस्पतींचा माणूस नाही, आकडेशास्त्र शिकवतो. आमच्याकडे मापांवरून जाती वेगळ्या करण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण फुलांचंच आहे. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयरिसच्या तीन जातींची प्रत्येकी 50 फुलं मोजली आणि 1936 मध्ये आकडेशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्या 150 फुलांवर मापांवरून जाती वेगळ्या करण्याची आपली पद्धत मांडली. त्यातल्या दोन जातींची फुलं अँडरसनने एकाच कुरणातून, एकाच दिवशी घेऊन, एकाच माणसाने एकाच उपकरणाने मोजली होती. म्हणजे जो काही फरक दिसेल तो फुलांचाच, मोजणाऱ्याचा किंवा वेळेचा नाही.

आता आकडे बघा. सेटोसाची पाकळी जास्तीत जास्त 1.9 सेंटिमीटर. व्हर्सिकलरची कमीत कमी 3.0. मध्ये मोकळं मैदान आहे, एक फूल मोजलं तरी निकाल लागतो. पण व्हर्सिकलर 3.0 ते 5.1 आणि व्हर्जिनिका 4.5 ते 6.9. तुमच्या हातातलं फूल 4.8 चं असेल तर त्या एका मापाने काहीच सांगता येत नाही. तिथे पाकळीची आणि निदलाची, दोन्हींची लांबी आणि रुंदी, अशी चारही मापं एकत्र घ्यावी लागतात.

त्याच 1936 साली आपल्याकडे आकडेशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं अंतर मांडलं, म्हणजे दोन गट मापांनी एकमेकांपासून किती दूर आहेत त्याचा हिशेब. ताई, तुमच्या कामाचं आहे म्हणून सांगतो. फूल मोठं असलं की ओठही मोठा, शेपटीही मोठी, देठही लांब. चार मापं घेतली आणि चारही मोठी आली तर ते चार पुरावे नाहीत, एकच पुरावा चार वेळा मोजलेला आहे. महालनोबिस यांचं अंतर मापांचं हे एकत्र चालणं हिशेबात घेतं. तुम्हाला सूत्र लावायची गरज नाही. कागदावर आडव्या रेषेवर ओठाची रुंदी, उभ्या रेषेवर शेपटीची लांबी घ्या आणि प्रत्येक फुलाचा एक ठिपका द्या. दोन्ही जागांचे ठिपके एकाच तिरप्या रेषेत एकामागोमाग आले तर लहान-मोठ्या फुलांची एकच जात असण्याची शक्यता जास्त. दोन वेगळ्या समांतर रेषा दिसल्या, तर शंका घ्यायला जागा आहे.

---

बाजरी

वाचतेय. एवढं सोप्या भाषेत कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर!

बाकी मुक्ता, तळावडीत उतरताना मगर बघून उतर गं. विश्वामित्रीतल्या मगरी पुरात कुठेकुठे जाऊन बसतात ते आपण बडोदेकरांनी दरवर्षी पाहिलंय. एक मांसाहारी मोजताना दुसरा भेटायचा.

---

मुक्ता_बडोदा

उतरले नाही, काठावरूनच लांब काठीला चमचा बांधून ओढून घेते. म्हशीवाले काका आधीच ओरडले होते.

---

ओलावा

थोडं वेगळं मत मांडतो. आता डीएनए तपासता येतो. त्या काळात काही हाताशी नव्हतं म्हणून पट्टी घेऊन बसले. आज मिलिमीटर मोजण्यात वेळ का घालवायचा? युट्रिक्युलॅरिया गिब्बाचा पूर्ण जनुकसंच 2013 मध्ये वाचून झालाय, जेमतेम 8.2 कोटी अक्षरांचा, फुलझाडांत अगदी चिमुकला. तुमच्या फुलाचंही तसंच वाचून टाका.

---

कासकर

ओलावा, वाचाल हो, पण जुळवाल कशाशी? ज्या नमुन्याशी जुळवायचं त्याला नाव कुणीतरी फुलं-बिया बघूनच दिलेलं असतं. तिथे नाव चुकलं की डीएनएची पाटीही चुकीचीच लागणार.

तुम्ही गिब्बाचं नाव काढलंत ते बरं झालं. एक्सोलेटा नावाची एक जात आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत आहे. बारीक, पिवळ्या चिमुकल्या फुलांची, चिखलात आणि उथळ पाण्यात वाढणारी. गिब्बा तिची थोरली बहीण मानली जायची. जगभरचे नमुने एकत्र ठेवल्यावर लहान-मोठ्या फुलांत कुठे रेघ मारावी तेच कळेना, आणि एक्सोलेटा गिब्बातच जमा झाली. हे काम कागदावरच्या वाळलेल्या वनस्पती आणि पट्टी घेऊनच झालं.

---

केरी_मधून

मी मूळची बडोद्याची, वाडीतली. लग्नानंतर आयर्लंडमध्ये आले, तिथल्या नैऋत्य कोपऱ्यात राहते. इथे दलदलीत पिंग्विक्युला असते. लोणी चोपडल्यासारखी चिकट पानं, त्यावर चिलटं चिकटतात. दोन जाती शेजारीशेजारी दिसतात. व्हल्गॅरिसचं फूल लहान, खालच्या ओठाच्या पाकळ्या रुंदीपेक्षा लांब आणि एकमेकींपासून सुट्या. ग्रँडिफ्लोराचं मोठं, पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या. पहिल्या वर्षी वाटलं, किती सोपं आहे! दुसऱ्या वर्षी एका ओढ्याकाठी असं फूल मिळालं की आकाराने मधलं, पाकळ्या चढलेल्याही नाहीत आणि सुट्याही नाहीत. दोघींचा संकर होतो आणि तो असाच दिसतो. ग्रँडिफ्लोराचं आखूड वाढलेलं फूल म्हणून मी त्याची नोंद करणार होते. त्यामुळे मधली मापं मिळाली की "एकच जात" असंही लगेच म्हणू नये. कासकरांना विरोध नाही, भर घालतेय.

इथल्या तळ्यांत युट्रिक्युलॅरियाही आहे. तिच्यातल्या व्हल्गॅरिस (नाव तेच, पण ही पिंग्विक्युला नव्हे) आणि ऑस्ट्रालिस या दोघी फुलाशिवाय ओळखूच येत नाहीत. फुलात बघायचं ते खालच्या ओठाची कड. ऑस्ट्रालिसचा ओठ पसरट सपाट, व्हल्गॅरिसचा कडेने खाली मुडपलेला. नानांनी काचेत दाबायला सांगितलं ते रुंदी मोजायला ठीक, पण दाबण्याआधी बाजूने फोटो काढून ठेव गं मुक्ता, नाहीतर दाबल्यावर हा फरकच पुसला जाईल. आणि ऑस्ट्रालिस इथे फुलायचीच मुश्किलीने. चार वर्षांत मला एकदाच फूल दिसलं.

---

नाना_रावपुरा

केरीच्या ताईंचं अगदी बरोबर. आधी बाजूने फोटो, मग काच. माझं सांगायचं राहिलं.

---

चिंचोका

वाडीतल्या ना तुम्ही? आयर्लंडात सेव उसळ मिळत नसेल ना?

---

केरी_मधून

वाटाणे भिजवते, तर्री करते, शेव आईने पाठवलेली. पण चौकातल्या गाडीवरची चव येत नाही. विषयावर या बघू!

---

रानवाटा

मुक्ताताई, मोजण्याआधी एक काम करा. तुमच्या दोन्ही जागी फुगे आहेत म्हणता, म्हणजे यादी आधीच लहान झाली. पाण्यात तरंगणारी, मोठ्या पिवळ्या फुलांची आपल्याकडची नेहमीची जात ऑरिया. तिच्या दांड्याला सहसा फुगे नसतात, आणि फळ धरलं की देठ खाली वळतो, टोकाकडे जाड होतो. फुग्यांच्या कड्यावाल्या दोन. स्टेलॅरिस आणि इन्फ्लेक्सा. स्टेलॅरिस म्हणजे चांदणीसारखी, वरून बघितलं की फुग्यांचं कडं तसंच दिसतं. तिचं फूल पिवळं. इन्फ्लेक्साचं बहुधा पांढरट किंवा फिकट जांभळं, त्यावर जांभळ्या रेषा. या दोघी इतक्या जवळच्या की पीटर टेलर यांनी आधी स्टेलॅरिसला इन्फ्लेक्साचाच एक प्रकार मानलं होतं. पुढे 1989 मध्ये साऱ्या वंशाचा मोठा ग्रंथ केला तेव्हा त्यांनीच दोघींना वेगळं ठेवलं. आयुष्यभर हाच वंश अभ्यासणाऱ्या माणसालाही मत बदलावं लागलं, तर आपण पट्टी घेऊन गडबडलो यात नवल ते काय.

रंग लगेच टिपून ठेवा. वाळल्यावर पिवळं आणि पांढरं दोन्ही तपकिरीच दिसतं.

इन्फ्लेक्साची एक गोष्ट, बडोदेकरांना आवडेल अशी. हे नाव पेटर फोर्स्कोल याने दिलं. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात धाडलेल्या मोहिमेतला हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ 1763 मध्ये येमेनमध्ये तापाने गेला. साथीदारही एकेक करून गेले. एकटा कार्स्टन नीबूर वाचला, तो समुद्रमार्गे मुंबईला आला, तिथून सुरतेलाही जाऊन आला. घरी परतल्यावर त्याने मित्राची टिपणं 1775 मध्ये छापली, त्यात हे नाव आहे.

---

मुक्ता_बडोदा

रानवाटा, हे वाचून अंगावर काटा आला. सुरत तर आमच्या दाराशी.

ठरलं. शनिवारी पुन्हा जाते. दोन्ही जागा एकाच सकाळी, व्हर्नियर कॅलिपर घेऊन. प्रत्येक जागी वीस फुलं, एका दांड्यावरचं एकच, तेही सगळ्यात खालचं उमललेलं. बरोबर ना?

---

गणिती

बरोबर. आणि एकाच काडीच्या फांद्यांवरची पाच फुलं म्हणजे पाच वनस्पती नव्हेत, म्हणून अंतर ठेवून घ्या. काही फुलं दोनदा मोजा, दुसऱ्यांदा पहिला आकडा न बघता. दोन वेळच्या मापांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला तर जातींमधल्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकावर विसंबू नका.

---

ओलावा

माझा सूर जरा तुटक होता. व्हर्नियर हवा असेल तर माझा डिजिटलवाला घेऊन जा, मी मांजलपूरला असतो.

---

रानवाटा

फुलं वढवाण्यातून तोडू नका हं. 2021 पासून ती रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. गावच्या तळावडीत विचारून घ्या, आणि थोडीच.

---

मुक्ता_बडोदा

आठवडाभराने येतेय. नवरात्राची गडबड, रात्री गरबा आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. पण काम झालं.

शनिवारी सहाला निघालो. तळावडीत वीस फुलं झाली. चरात पाणी इतकं आटलं होतं की बाराच मिळाली. ओलावांचा कॅलिपर फार कामाचा. त्याचे जबडे मात्र फुलाला टेकवायचे नाहीत, नुसते शेजारी धरायचे. पहिल्या फुलाला टेकवले तर शेपटीचं टोकच चेपलं. मुलीने आकडे लिहिले, मी वाचले.

सपाट केलेल्या खालच्या ओठाची रुंदी तळावडीत साधारण 9 ते 11 मिलिमीटर, चरात 7 ते 9. मागच्या वेळेपेक्षा दोन्हीकडे मापं वाढली, कारण आता ओठ सपाट करून मोजला. शेपटी चरात खरोखरच आखूड आहे, पण ओठही तेवढ्याच प्रमाणात लहान. गणितींनी सांगितल्याप्रमाणे आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. तळावडीचे निळे, चराचे लाल. सगळे एकाच तिरप्या पट्ट्यात आले, लाल खाली, निळे वर आणि मध्ये चार-पाच एकमेकांत मिसळलेले. फुग्यांचीही लांबी-रुंदी घेतली, तिथेही तेच. बाजूने काढलेल्या फोटोंत ओठाची ठेवण दोन्हीकडे सारखी. मधली फुलं संकराची असतील का, हे केरीच्या ताईंमुळे मनात आलं. पण संकराला दोन टोकांच्या दोन वेगळ्या ठेवणी लागतील, इथे ठेवण एकच आहे. रंग सगळीकडे पिवळा.

म्हणजे दोन्ही स्टेलॅरिसच, चरातली आटत्या पाण्यात खुरटलेली, असं मी धरतेय. चुकत असेन तर सांगा.

आणि एक गंमत. तळावडीच्या पलीकडच्या टोकाला, जिथे मी मागच्या वेळी गेलेच नव्हते, तिथे तीन दांडे वेगळेच निघाले. फुगे नाहीत, फूलही पिवळंच आणि मापाने तळावडीतल्या बाकीच्यांच्यातच बसणारं. पण खालची दोन फळं धरलेली, त्यांचे देठ खाली वळलेले आणि टोकाला जाड. ओठाच्या मापावर गेले असते तर ती त्या वीस फुलांतच मोजली गेली असती.

---

रानवाटा

ऑरिया! फळांचा फोटो टाका. आणि स्टेलॅरिसबद्दल तुमच्याशी सहमत.

---

कासकर

आलेखाचा तो कागद जपून ठेवा ताई. पुढच्या वर्षी भरपूर पाऊस झाला तर त्याच चरातली फुलं मोजा. लाल ठिपके वर सरकले की शंकाच उरणार नाही.

---

नाना_रावपुरा

मुक्ता, त्या फळवाल्या दांड्यांपैकी एक पाण्यासकट बाटलीत आण. माझा पत्र्याचा ट्रे माळ्यावर आहे, गंज लागलाय पण चालेल. चांगला कागदावर बसला तर विद्यापीठाच्या हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला विचारू, ठेवून घेतात का. रविवारी सकाळी साडेसहाला न्यायमंदिराच्या समोर उभा राहतो. मुलीलाही आण, ट्रेमधून कागद उचलायला लहान हात बरे पडतात.